जेवा इथे, प्या तिथे

बाप गेला तेव्हा त्याच्यामागे वाटण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, चूल आणि विहीर. वाटणी त्यानं जाण्याआधीच करून ठेवली होती. चूल थोरल्याला, विहीर धाकट्याला. थोरल्यानं जेवण विकायचं, पेलाभर सरबतसुद्धा विकायचं नाही. धाकट्यानं शहाळी, सरबत, जे काय घशाखाली ओततात ते विकायचं, ताटात पडेल असं काही विकायचं नाही. धाकट्यानं रोज पहाटे चुलीला लागेल तेवढं पाणी ओढून द्यायचं आणि थोरल्यानं त्याला दोन वेळ पोटभर वाढायचं. म्हाताऱ्याला आपली पोरं पुरती ठाऊक होती. दोघांना एका दाव्यानं बांधून तो मोकळा झाला.

किनाऱ्याच्या रस्त्यावर एकाच फळीवर दोघांची पाटी होती. डावीकडे बाण काढून 'जेवा इथे', उजवीकडे बाण काढून 'प्या तिथे'. मधे बारा पावलांचं अंगण आणि अंगणाच्या कडेला विहीर. परगावचा माणूस डावीकडे जेवायचा, हात धुवायचा आणि उजवीकडे जाऊन शहाळं फोडून घ्यायचा. एवढ्याशा चालण्यात त्याचं जेवणही जिरायचं आणि दोन घरंही चालायची.

थोरल्याला सगळा किनारा 'गोडपाण्या' म्हणायचा. त्याला कारण होतं. दक्षिणेच्या टोकाला मोठं हॉटेल झालं, पोहायच्या तलावासाठी त्यानं जमिनीत मोठाले पंप सोडले, आणि पाच वर्षांत किनाऱ्यावरच्या विहिरी एकेक करून खाऱ्या झाल्या. छत्रीवाल्याची झाली, मासा तोलताना अंगठाही तोलणाऱ्याची झाली, गाणी लावून गिऱ्हाइकाला बहिरं करणाऱ्याची झाली. ते सगळे कॅनच्या पाण्यावर आले. कॅनच्या पाण्यात शिजवणं परवडेना म्हणून आणखी दोघा खानावळवाल्यांनी जागा हॉटेलला देऊन टाकल्या आणि तिथंच पट्टेवाले होऊन उभे राहिले. गोड राहिली ती एकच विहीर, यांची. निदान थोरला तसं म्हणायचा, आणि दिवसातून वीस वेळा म्हणायचा.

त्याची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की जेवणाचं नाव काढण्याआधी माठातून पेला भरून पुढं ठेवायचा.

"आधी पाणी प्या. मग सांगा."

माणूस प्यायचा. उन्हातून आलेला असायचा, त्याला कुठलंही पाणी गोडच लागलं असतं. पण म्हणायचा, "वा."

"याच पाण्यात शिजतं आमच्याकडे," थोरला म्हणायचा, आणि आत चुलीकडे तोंड करून हाक द्यायचा, "ऐकलंस का गं?"

आतून बायको म्हणायची, "ऐकलं हो. रोजच ऐकते. माठालाही पाठ झालंय."

ती बायको जाऊन दीड महिना झाला होता. पाय सुजत होते, धाप लागत होती. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा थोरल्यानं तिच्या ताटावर पहारा बसवला. तिचं भाताचं भांडं वेगळं, कालवणाचं भांडं वेगळं. मिठाचा कण पडू दिला नाही. ज्याला त्याला सांगायचा, "औषधात कसूर असेल तर डॉक्टरची. पथ्यात नाही." तरी ती गेली.

दीड महिना चूल थंड होती. लेक सासरहून आली होती, ती माठातल्या पाण्यावरच तिघांपुरतं काहीतरी शिजवायची. अंगणात नारळाच्या झावळ्या पडायच्या आणि पडून राहायच्या. यंदा पावसानंही नुसतं तोंड दाखवून पाठ फिरवली होती. हॉटेलचा माणूस दोनदा येऊन गेला. पांढऱ्या बुटांचा, अदबीचा. बूट वाळूत रुतू नयेत म्हणून झावळीवर पाय ठेवून उभा राहायचा.

"हंगाम बघतो," थोरला त्याला म्हणाला. "यादीत नाव आलं तर चूल पेटती राहील. नाही आलं तर तुमचा कागद आणा."

यादी म्हणजे काय, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दर हंगामाच्या तोंडावर शहरातून एक माणूस यायचा, दोन दिवस खायचा-प्यायचा आणि 'कुठे खावं, कुठे प्यावं' अशी यादी छापायचा. ती बसमध्ये लागायची, लोकांच्या फोनवर फिरायची. यादीत असेल त्याच्या दाराशी रांग, नसेल त्यानं माश्या माराव्यात. थोरला पाच वर्षं यादीत पहिला होता. यंदा यादीवाला येईल त्याच दिवशी त्यानं चूल पेटवायचं ठरवलं.

पहाटे रहाट कुरकुरला. धाकटा पाणी ओढत होता. त्यानं मोठी पातेली भरली, हंडा भरला, माठ भरून फडकं बांधलं. चाळिशीला आला होता, लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, तेव्हापासून, म्हणजे नवव्या वर्षापासून वहिनीच्या हातचं जेवला होता, आणि कुणी लग्नाचं काढलं की म्हणायचा, "दुसऱ्या हातचं पोटाला मानवेल का, तेवढं विचारून सांगा."

पाणी भरून झालं तरी तो दारात घुटमळत राहिला. लेक पाट्यावर खोबरं वाटत होती. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते.

"मीठ जरा बेतानं घाल," तो हळूच म्हणाला.

"काका, तुम्ही शहाळी फोडा," लेक वर न बघता म्हणाली. "मी आईची लेक आहे."

"तसं नाही गं..."

"काय तसं नाही?" थोरला मागून आला. खांद्यावर स्वच्छ पंचा, दाढी केलेली, हनुवटीवर एक कापलेलं. "आता हा मीठ शिकवणार. अरे, नऊची बस येईल. यादीवाला उतरला की छत्रीवाला त्याची पिशवीच धरतो. जा, स्टँडवर जाऊन उभा राहा."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "मी येतो तोवर मीठ घालू नकोस," असं काहीतरी पुटपुटत तो गेला.

तो येईतो कोण थांबतंय. दहाला कालवणाला उकळी फुटली. लेकीनं मिठाचा डबा काढला.

"आई किती घालायची?"

"सहा चमचे. लाकडी. बापाच्या वेळेपासूनचं माप आहे." थोरल्याला एकदम आठवलं की मिठाचं पोतं पूर्वी दोन महिन्यांत संपायचं, गेली दोन वर्षं ते सहा-सहा महिने पुरत होतं. त्याला त्याचं कौतुक वाटलं होतं. बायकोला म्हणालाही होता, 'म्हातारपणी चिकट झालीस.' ती हसली होती. म्हणाली होती, 'हात आखडलाय जरा.' आता त्याला वाटलं, आजारामुळे तिच्या हातचं राहून जात असेल, गिऱ्हाइकं भिडेपोटी बोलत नसतील. आज तरी तिच्या नावाला कमीपणा नको.

"आण इकडे," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं सहा चमचे घातले. वर एक घातला. भातालाही घातलं.

चाखायचा प्रश्न नव्हता. या चुलीवर गिऱ्हाइकाच्या आधी कुणी अन्नाला जीभ लावायची नाही, हा बापाचा नियम. वासावरून ओळखायचं, रंगावरून ओळखायचं. बायकोनं तीस वर्षं तो नियम मोडला नव्हता. फक्त पहाटे पहिली बादली वर आली की तीत बोट बुडवून ती जिभेला लावायची. थोरला चेष्टेनं म्हणायचा, "झाली का विहिरीची विचारपूस?" ती म्हणायची, "हो. बरी आहे म्हणते."

यादीवाला बारा वाजता आला. पोट सुटलेला, चष्मा पुसत चालणारा, दिसायला गरीब. धाकट्यानं त्याला छत्रीवाल्याच्या तावडीतून सोडवून आणला होता. बसच दोन तास उशिरा आली आणि छत्रीवाल्यानं अर्धा तास घेतला, म्हणून उशीर.

"वहिनी गेल्याचं कळलं," यादीवाला बाकावर टेकत म्हणाला. "फार वाईट झालं."

"आधी पाणी प्या," थोरला म्हणाला. एवढंच त्याला म्हणता आलं.

यादीवाला प्यायला. डोळे मिटून म्हणाला, "हे पाणी मात्र तसंच आहे हो."

"याच पाण्यात शिजतं," थोरला म्हणाला, आणि सवयीनं आत तोंड केलं, हाक ओठांवर आली आणि राहिली.

धाकटा दारापाशी आला. चुलीजवळ उघडा पडलेला मिठाचा डबा त्यानं पाहिला. लेकीला खुणेनं विचारलं, किती. तिनं सात बोटं दाखवली. तो दाराला टेकला.

ताट वाढलं. वाफाळता भात, लालभडक कालवण, त्यात माशाच्या दोन जाड तुकड्या. यादीवाल्यानं घास घेतला. चावला. थांबला. पेल्याकडे हात गेला. दुसरा घास घेतला, तो पाण्याबरोबरच गिळला. शेजारच्या बाकावर चौघंजण होते, त्यांतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहून भुवया उडवल्या. एक बाई लेकराच्या तोंडातला घास बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवत होती.

थोरला पंच्यानं बाक पुसत होता. पुसलेलाच पुसत होता.

"कसं काय?"

"छान," यादीवाला म्हणाला. "उन्हामुळे भूक नाही फारशी." त्यानं आणखी चार घास नेटानं खाल्ले. तेवढ्यात सात पेले पाणी प्यायला. थोरला प्रत्येक पेला भरताना खूश होत होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मग यादीवाला उठला, हात धुतला, अंगण ओलांडून धाकट्याकडे गेला आणि उभ्या उभ्या दोन शहाळी प्यायला. तिसरं मागवलं. चौघांनी ताटं तशीच सोडली आणि तेही तिकडेच गेले. लेकरू धाकट्याच्या टेबलाजवळ उभं राहून सरबतासाठी रडत होतं.

थोरल्यानं भरलेल्या ताटांकडे पाहिलं. मग आत जाऊन हातावर कालवण घेतलं आणि जीभ लावली.

त्यानं ते थुंकलं. चुलीच्या राखेत थुंकला, जिथं त्यानं जन्मात कुणाला थुंकू दिलं नव्हतं.

"मीठ फार झालं का, बाबा?" लेकीचा आवाज बारीक झाला होता.

"मी मोजून घातलं. माझ्या हातानं." तो दाराकडे बघत होता. अंगणापलीकडे गर्दी होती. धाकट्याचा कोयता खाली-वर होत होता. "सकाळपासून मीठ मीठ कोण करत होतं? कोण घुटमळत होतं इथं?"

यादीवाला जाईपर्यंत त्यानं दम धरला. मग बारा पावलं चालून गेला.

"किती घातलंस?"

धाकट्यानं कोयता खाली ठेवला. "दादा, मी काही नाही घातलं."

"माझं ताट ओतायचं आणि तुझं टेबल भरायचं. बरं जमवलंस. तिला जाऊन दोन महिने नाही झाले."

"दादा."

"नऊ वर्षांचा होतास. नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून भरवलं तिनं तुला. तिच्या भांड्यात मीठ ओतताना हात कसा धजला? तू नाहीस, मी नाही, मग काय ती येऊन ओतून गेली?"

धाकट्याचा चेहरा असा झाला की थोरल्याला क्षणभर वाटलं, हा आता काहीतरी सांगणार. पण त्यानं फडक्यानं कोयता पुसला. दोन्ही बाजूंनी पुसला.

"तिला यात आणू नकोस," तो म्हणाला.

"तू उद्यापासून इथं येऊ नकोस. पाणी मी ओढीन. माझे हात मोडले नाहीत."

धाकट्यानं कोयता उचलला, उरलेल्या शहाळ्यांवर गोणपाट टाकलं आणि गेला. त्या दिवशी दुपारी आणि रात्री, असं दोन वेळ तो जेवला नाही. बापाच्या वाटणीनंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या पहाटे थोरला विहिरीवर गेला. पंधरा-वीस वर्षांत रहाटाला त्याचा हात लागला नव्हता. दोर ओला, जड. तिसऱ्या बादलीला तळव्याची साल निघाली. पातेली भरली, हंडा भरला. माठ रिकामा होता. तो विसळला, भरला, फडकं बांधलं. मग सवयीप्रमाणे दिवसाचा पहिला पेला भरून तोंडाला लावला.

पाणी खारं होतं.

त्यानं पेल्यात पाहिलं. पुन्हा घोट घेतला. पेला धुतला, बादलीतून थेट भरला. तेच.

लेक चूल सारवत होती. तो दारात येऊन उभा राहिला. हातातून रक्त येत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"विहिरीत मीठ टाकलंय त्यानं," तो म्हणाला.

लेकीनं ओंजळभर पाणी घेऊन पाहिलं. बराच वेळ तोंडात धरलं.

"अख्ख्या विहिरीत? किती पोती लागतील, बाबा?"

लेक उठली, ओले हात पदराला पुसले, म्हणाली, "काल तांदळाची कोठी सरकवली तेव्हा काहीतरी दिसलं होतं. मला वाटलं, आई ताटं मोजत असेल."

कोठीमागच्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीपासून खाली, कोळशाच्या रेघा होत्या. ओळीमागून ओळ. पहिल्या ओळीत सहा-सहा रेघांचे झुबके. मग पाचांचे. मधेच गोल काढलेला, पौर्णिमेच्या उधाणाचा, त्याच्याशेजारी चार. खाली सरकत जावं तसे झुबके बारीक होत गेले होते. तीन. तीन. गोल, आणि दोन. अगदी जमिनीलगत, जिथं लिहायला तिला बसावं लागलं असेल, सुजलेल्या पायांवर, तिथं एकेकच रेघ होती. शेवटच्या गोलाजवळ रेघही नव्हती. नुसता ठिपका.

"चमचे आहेत हे," लेक म्हणाली. "ती विहिरीला विचारून घालत होती."

थोरला वाकून बघत होता. त्याला खाली बसता येईना. तसाच वाकलेला राहिला.

धाकटा सापडला हॉटेलच्या मागच्या फाटकाशी. रातोरात नाही, पण सकाळच्या पाळीला त्याला ठेवून घेतला होता, पाहुण्यांना शहाळी फोडून द्यायला. डोक्यावर हॉटेलची टोपी होती. ती त्याच्या डोक्याला लहान होती, कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. भावाला पाहून त्यानं ती काढली, मग आतल्या मुकादमाकडे पाहून पुन्हा घातली.

दोघं फाटकाच्या गजांच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"कधीपासून?" थोरल्यानं विचारलं.

"दोन वर्षं. थोडं आधीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाला होतास, आपली विहीर गेली त्या दिवशी कागदावर सही करीन आणि लेकीच्या दारात खुर्ची टाकून बसेन. वहिनीनं ते धरलं. म्हणाली, हा खुर्चीत बसला की महिन्याभरात मरेल. आणि तू कुठं जाशील, असं मला म्हणाली. विहीर माझ्या वाटणीची ना. पाणीच नाही तर जेवण कशाबद्दल?"

"मी तुला जेवण बंद केलं असतं?"

काल केलंच होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"आणि माठ?"

"माठात कॅनचं पाणी घालत होतो. तू उठायच्या आत. रोज एक कॅन. शहाळ्यांच्या मागं, गोणपाटाखाली ठेवायचो." त्याच्या तोंडावर हसू येऊ लागलं आणि अर्ध्यात थांबलं. "तू गिऱ्हाइकाला सांगायचास ना, हे पाणी बघा, ही चव दुसरीकडे नाही. वहिनी आत पदर तोंडात कोंबून हसायची. म्हणायची, दोन वर्षं गंडवतेय मी याला, आणि हा स्वतःला किनाऱ्यावरचा शहाणा समजतो. एकदा तर तू पाण्याचं वर्णन करत होतास आणि ती हसता हसता चुलीपुढं बसलीच."

थोरल्यालाही ते आठवलं. त्याला वाटलं होतं, धाप लागली.

"एक कॅन," तो म्हणाला. "माठाला एक. गिऱ्हाइकं, मी. मग ती काय प्यायची?"

धाकट्यानं गज धरला.

"मी म्हटलं, दोन आणतो. शंभरदा म्हटलं. म्हणाली, दुसरा कॅन दिसेल त्याला. रोज एक शहाळं मी जबरदस्तीनं द्यायचो. बाकी..." त्यानं मान खाली घातली. "म्हणायची, मला चालतं रे. जीभ बसली आता."

"मीठ बंद होतं तिचं," थोरला म्हणाला. "मी बंद केलं होतं."

"हो."

"वेगळ्या भांड्यात शिजवायला लावायचो."

"हो, दादा."

"त्याच पाण्यात."

मुकादमानं आतून शीळ घातली. धाकट्यानं डोळे पुसले, टोपी सारखी केली. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मलाही वाटायचं, पथ्य चाललंय ना. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय."

"काल का नाही बोललास? मी एवढं बोललो तरी."

"काल सांगितलं असतं तर कसं सांगणार होतो?" धाकटा म्हणाला. "तू तिच्या नावानं भांडत होतास."

यादी चौथ्या दिवशी आली. लेकीनं फोनवर वाचली. 'कुठे खावं' मध्ये छत्रीवाला पहिला, अंगठेवाला दुसरा, मोठं हॉटेल तिसरं. त्यांचं नाव नव्हतं. लेक फोन बंद करणार होती, तेवढ्यात तिला खाली दिसलं. ती वाचताना अडखळली.

"'कुठे प्यावं' मध्ये आहे, बाबा. शहाळी आधी आहेत, काकांची. आणि मग... 'शेजारच्या खानावळीत या वर्षी जेवण जमलेलं नाही, पण तिथं थांबून माठातलं एक पेलाभर पाणी जरूर प्यावं. विहिरीचं असं गोड पाणी आता या किनाऱ्यावर दुसरीकडे उरलेलं नाही.'"

थोरल्यानं ते दोनदा वाचून घेतलं.

पाचव्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळी समुद्र वर चढून पार रस्त्याच्या दगडांना लागला होता. लेक दुपारच्या बसनं सासरी जाणार होती, पांढऱ्या बुटांचा माणूस संध्याकाळी कागद घेऊन येणार होता. धाकटा हॉटेलातून तासाची सुट्टी काढून आला. टोपी त्यानं खिशात घातली होती. न सांगता रहाटावर गेला, दोन बादल्या ओढल्या. गोणपाटाखालचा कॅन आणायला वळला तेव्हा थोरला म्हणाला, "राहू दे तो."

लेकीनं भात आणि कालवण टाकलं. चौघांपुरतं. मग तिच्या लक्षात आलं, पण परत काढलं नाही.

"मीठ?" तिनं विचारलं.

थोरला कोठीमागं जाऊन बघून आला. "आज ठिपका आहे," तो म्हणाला.

तिनं डबा उघडलाच नाही.

ताटं मांडेपर्यंत दोघं परगावचे पाटीखाली येऊन उभे राहिले. नवरा-बायको असावेत. उन्हानं लाल झालेले, हातात फोन. एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे.

"पाणी इथंच मिळतं ना?" बाईनं विचारलं. "ते माठातलं?"

थोरला बाकावरून उठला. खांद्यावरचा पंचा नीट केला. तोंडातून सवयीचं वाक्य निघण्याआधी त्याला ते गिळावं लागलं.

"ते पाणी आता मिळत नाही," तो म्हणाला. "जेवायचं असेल तर बसा. गरम आहे."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं आणि छत्रीवाल्याच्या दिशेनं गेले.

मग तिघं जेवायला बसले. गिऱ्हाईक कुणी आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं, तेव्हा बापाचा नियम पाळायचा तो कुणासाठी, हे कुणी बोललं नाही. तरी लेक आणि धाकटा थोरल्यासाठी थांबले. त्यानं बादलीतून पेला भरला, ताटाशेजारी ठेवला. तो प्यायला. सगळा प्यायला. दुसरा भरला.

"दादा, पुरे," धाकटा म्हणाला.

तो दुसराही प्यायला, सावकाश, मधे न थांबता. डोळ्यांत पाणी आलं ते खारेपणानं आलं, असं त्यानं पंच्यानं पुसून दाखवलं. मग भातावर कालवण घेतलं, कालवलं, घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला.

दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

आतल्या चुलीकडे त्याचं तोंड वळलं, तीस वर्षांच्या सवयीनं, आणि या वेळी हाक आली तशी त्यानं ती जाऊ दिली.

"मीठ बरोबर आहे गं," तो म्हणाला.